फराळाचे दिवस आणि दातांची निगा

वसुबारस उजाडली तरी ज्या घरातील फराळाचे डबे भरून फडताळात गेलेले नाहीत, त्या घरच्या गृहिणीला आपण जगाच्या मागे पडलो असे वाटू लागते. आणि भाऊबीज उलटून गेली, पाहुणे आपापल्या गावी परतले, तरी तेच डबे तळच्या चुऱ्यासह आणखी आठ-दहा दिवस उघडझाप होत राहतात. या पंधरवड्यात मराठी माणसाच्या मुखात जितक्या जातीचे पदार्थ जितक्या वेळा जातात तितके वर्षाच्या अन्य कोणत्याही पंधरवड्यात जात नसावेत. अशा मोसमात दातांचा विषय काढणाऱ्याकडे लोक साहजिकच संशयाने पाहतात, कारण त्याच्या बोलण्याचा शेवट गोड वर्ज्य करण्याच्या उपदेशात होणार हे त्यांनी आधीच ताडलेले असते. प्रस्तुत लेखकाला तो उपदेश करावयाचा नाही. एक तर तो कोणी ऐकत नाही, आणि दुसरे असे की दंतशास्त्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे सिद्ध केले आहे त्याचा रोख गोडाच्या वजनापेक्षा ते खाण्याच्या रीतीवर अधिक आहे.

दात किडतो तो किड्यामुळे, ही समजूत फार जुनी आणि अनेक देशांत आढळणारी. सुश्रुतसंहितेत दंतरोगांची गणना करताना कृमिदंतक नावाचा विकार सांगितला असून छिद्र पडलेला, काळवंडलेला, हलणारा व अकारण ठणकणारा दात अशी त्याची लक्षणे दिली आहेत. लक्षणे इतकी बरोबर आहेत की आजच्या दंतवैद्यालाही ती मान्य करावी लागतील. भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन दातातले किडे पाडण्याचा उपायही आपल्याकडे बराच काळ चालत आला. पियेर फोशार या फ्रेंच दंतचिकित्सकाने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपणांस असा किडा दिसला नाही, अशी नोंद केली आणि या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. परंतु किडा नाही तर मग काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळावयास आणखी दीडशे वर्षे जावी लागली. बर्लिन येथे संशोधन करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, मुखात सदैव वसती करणारे सूक्ष्म जंतू शर्करायुक्त व पिष्टमय अन्नकणांवर उपजीविका करतात, त्यांतून आम्ल उत्पन्न करतात, आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा काढला. साखरेपासून आम्ल तर तो करतोच, शिवाय तिच्यापासूनच एक चिकट द्रव्य तयार करून आपल्या वसाहतीचा पाया दातावर पक्का रोवतो. दातावर साचणारे कीटण म्हणून जे आपण ओळखतो ते बव्हंशी अशा जंतूंच्या वसाहतींचेच असते, आणि केवळ पाणी खळखळवून ते निघत नाही.

या आम्लाचा मारा ज्यावर होतो ते दंतवल्क मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. वजनाच्या मानाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. ही कठीणता मात्र एका मोठ्या उणिवेच्या मोबदल्यात मिळालेली आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते, पण दंतवल्कात एकही जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा खड्डा पडला की तो शरीराकडून कधीही बुजत नाही. मुखातील द्रवाचा सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातून कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. तो पुन्हा वर चढला की लाळेत विरघळलेली हीच द्रव्ये दातावर परत बसू लागतात. अर्थात खड्डा पडण्यापूर्वीची झीज भरून निघू शकते आणि ती भरून काढण्याचे काम लाळेकडे असते. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ आपण निर्माण करतो व गिळतो. ती आम्ल सौम्य करते, अन्नकण धुऊन नेते आणि खनिजांचा पुरवठा करते. तिची एकच अट असते, ती म्हणजे मध्ये पुरेसा अवकाश मिळाला पाहिजे.

हा अवकाश किती असावा लागतो याचे मोजमाप १९४० च्या सुमारास रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने केले. शर्करेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर दातांवरील कीटणाचा सामू अवघ्या काही मिनिटांत धोक्याच्या रेषेखाली घसरतो आणि पूर्वपदावर यावयास त्याला अर्धा ते एक तास लागतो, असे त्याने दाखवून दिले. घोट लहान असो वा मोठा, घसरण व्हायची ती होते. या एका निरीक्षणात आपल्या विषयाचे सगळे मर्म आले, परंतु त्याचा माणसांच्या दातांवरील दीर्घकालीन पडताळा ज्या प्रयोगाने मिळाला तो सांगताना मन कचरते. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म येथे मतिमंदांसाठी एक मोठी संस्था होती. तेथील रुग्णांवर १९४५ पासून काही वर्षे आहारातील साखरेचे प्रयोग करण्यात आले. काहींना जेवणाबरोबरच जादा साखर देण्यात आली, तर काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या. ज्यांना संमती देता येत नाही अशा निराधार माणसांचे दात मुद्दाम किडू देणे याला कोणत्याही न्यायाने समर्थन नाही, आणि आज वैद्यकीय नीतीच्या चर्चेत हे नाव निघते ते मुख्यत्वे त्याच कारणासाठी. तथापि १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष खोडून काढता येत नाही. जेवणाबरोबर बरीच साखर खाणाऱ्यांचे दात फारसे जादा किडले नाहीत, आणि मधल्या वेळी टॉफ्या चघळणाऱ्यांच्या दातांची मात्र दुर्दशा झाली. मुलांना खाऊ द्यायचा तो आठवड्यातून एकदा, शनिवारी, असा जो रिवाज स्वीडनमध्ये पुढे रूढ झाला त्याच्या मुळाशी हाच निष्कर्ष आहे.

आता हे सारे आपल्या दिवाळीला लावून पाहावे. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा करणाऱ्या पेढीवाल्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर दातांच्या रोजकीर्दीत खर्चाची रक्कम लाडवाच्या आकारावरून पडत नसून तोंड किती वेळा चालले यावरून पडते, आणि जमेची बाजू फक्त तोंड बंद असतानाच भरत असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरातली सर्व मंडळी एकत्र बसतात. लाडू, करंजी, चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे असे भरगच्च ताट समोर येते. अर्ध्या-पाऊण तासात फराळ संपतो. दातांच्या दृष्टीने ही एकच नोंद झाली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत लाळ ती बहुतेक फेडून टाकते. खरी बाकी चढते ती नंतर. जाता-येता डब्यात हात जातो. चहा होतो, त्याबरोबर दोन शंकरपाळे. शेजारच्या वहिनी ताट घेऊन येतात, त्यांच्या हातची करंजी चाखल्यावाचून गत्यंतर नसते. संध्याकाळी आप्तेष्टांकडे जायचे, आणि प्रत्येक घरी बशी पुढे आली की "अहो, निदान लाडू तरी घ्या" या आग्रहाला मान द्यायचा. चार घरे तीन तासांत झाली, तर त्या तीन तासांत तोंडाचा सामू वर येण्याची मुदत एकदाही पुरी होत नाही, मग चारही घरी मिळून पोटात गेलेला ऐवज दोन लाडवांचाच का असेना.

या बाबतीत सर्वांत निर्धास्त अपराधी कोण असेल तर तो दिवाळी अंकाचा वाचक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढून महाराष्ट्राला एक अत्यंत सुसंस्कृत व्यसन लावले. त्या व्यसनाला चिवड्याच्या वाटीची जोड कोणी आणि कधी दिली याची इतिहासात नोंद नाही, पण ती जोड आता अभेद्य झाली आहे. आरामखुर्चीत पडून एक दीर्घकथा वाचीत चिमटी-चिमटीने चिवडा तोंडात टाकणारा सद्‌गृहस्थ, दोन तासांत पाव वाटीही न संपवता, दंतवल्काला पूर्ण दोन तास आम्लात बुडवून ठेवू शकतो. तोच चिवडा वाटीभर, एकदाच आणि जेवणाला लागून खाल्ला असता, तर कथेचाही रसभंग झाला नसता.

चिवड्याचे नाव घेतल्यावर एक आक्षेप संभवतो की, तो तर तिखटमिठाचा, त्याने दात कसे किडतील? तिखट पदार्थ निरुपद्रवी ही समजूत सार्वत्रिक असली तरी निराधार आहे. शेव, चकली, कडबोळी, चिवड्यातील पोहे हे सारे शिजलेले वा तळलेले पिष्ट होय, आणि लाळेतील पाचक द्रव्य पिष्टाचे शर्करेत रूपांतर तोंडातच सुरू करते. शिवाय ज्याला आपली जीभ चिकट म्हणते तेच दातावर अधिक काळ राहते असेही नाही. प्रत्यक्ष मोजले असता कॅरॅमलसारखी मिठाई विरघळून तुलनेने लवकर निघून जाते, तर बिस्किटे व तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या यांचा लगदा दाढांच्या खाचांत दीर्घकाळ बसून राहतो, असे आढळले आहे. शंकरपाळ्यात तर मैदाही आहे आणि साखरही. त्याचा दोष दुहेरी. गुळाच्या बाजूने जे लोक मोठ्या श्रद्धेने वकिली करतात त्यांनाही निराश करणे भाग आहे, कारण गूळ हाही मुख्यत्वे तीच उसाची साखर असून त्यातील किंचित लोह व इतर क्षार जंतूंच्या कामात कसलाही अडथळा आणीत नाहीत.

अनारशाचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. तीन दिवस रोज पाणी बदलीत भिजवलेले तांदूळ निथळून, कापडावर सुकवून, कुटून त्यांचे पीठ करावयाचे, त्यात गूळ वा साखर मुरवायची, आणि खसखशीवर थापलेली पुरी तुपात एकाच अंगाने तळावयाची, असा हा नाजूक खटाटोप. चांगला जमलेला अनारसा दाताखाली प्रथम कुरकुरतो आणि लगेच मऊ पडतो. ते मऊ, गोड पीठ दाढेच्या चघळण्याच्या पृष्ठभागावरील खाचांत दाबले जाते, तर खसखशीचे दाणे हिरडी व दात यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. दाढेच्या या खाचा पुष्कळदा इतक्या अरुंद असतात की ब्रशाचा केस त्यांच्यात शिरूच शकत नाही. सबब अनारसा खाऊ नये असे कोण म्हणेल? तो जेवणाच्या ताटात वाढून घ्यावा, आणि नंतर पाणी प्यावे, एवढेच.

जेवणानंतर आचवणे हा आपल्याकडचा जुना शिरस्ता होता. पानावरून उठायचे ते थेट मोरीवर जाऊन, हात धुऊन, दोन-चार खळखळून चुळा भरण्यासाठी. बैठकीच्या खोलीत बशी हातात घेऊन खाण्याची रीत आली, हात पुसायला कागदी रुमाल आला, आणि चूळ भरण्याचे प्रयोजनच कोणाला उरले नाही. या चुळीने कीटण निघत नाही हे वर सांगितलेच आहे. पण सुटे अन्नकण निघतात, आम्ल पातळ होते, आणि सामू लवकर वर येतो. परक्याच्या घरी मोरीवर जाण्याचा संकोच वाटत असेल तर पेलाभर पाणी मागून घ्यावे व शेवटचा घोट तोंडात जरा घोळवून गिळावा. मुखशुद्धी म्हणून पुढे येणारी साखरेच्या रंगीत आवरणाची बडीशेप मात्र शुद्धीच्या नेमकी उलट दिशेने काम करते. साधी भाजलेली बडीशेप निर्दोष आहे. सुपारीबद्दल तर बोलावयासच नको. तिचा टणकपणा दाढेला चिरा पाडतो, आणि तंबाखू नसली तरी निव्वळ सुपारीही कर्करोगजनक आहे हे आता सर्वमान्य झाले आहे.

दात घासण्याविषयी चरकाने दिवसातून दोन वेळा असा स्पष्ट निर्देश केलेला आहे, आणि आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारी आपण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्यातली एकच वेळ पाळीत आलो. सकाळची वेळ सुटत नाही, कारण ती शौचाचाराचा भाग झाली. महत्त्वाची मात्र रात्रीची. झोपेत लाळेचा स्राव जवळजवळ थांबतो, त्यामुळे रात्री अकरा वाजता खाल्लेल्या करंजीचा जो अंश दातांत राहतो त्याला पहाटेपर्यंत कोणी हटकणारे नसते. दिवाळीत बाकी सर्व नियम शिथिल केले तरी चालतील, पण निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत, फेस थुंकून टाकावा, भरपूर पाण्याने चुळा भरून फ्लोराइड धुऊन काढू नये, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काहीही तोंडात घालू नये, एवढा एक नियम मोडू नये. खनिज दातावर परत बसविण्याच्या कामी फ्लोराइडचे साह्य निर्विवाद आहे, आणि वनस्पतींच्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टांत ते नसते, म्हणून नळीवरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. ज्या भागांत, उदाहरणार्थ चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत, विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे, तेथे लहान मुलांसाठी पेस्टची निवड दंतवैद्याला विचारून करावी. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड यांनी दात पांढरे दिसतात ते घासले गेल्यामुळे, आणि हिरडीलगत, जेथे दंतवल्क सर्वांत पातळ असते, तेथे ही झीज प्रथम लागते. मशेरी हे दंतमंजन नसून भाजलेली तंबाखू आहे, याची आठवण कोकणात व देशावर अद्यापही करून द्यावी लागते ही खेदाची गोष्ट.

शीतपेयांचा मामला निराळा आहे. त्यांत साखरेच्या जोडीला स्वतःचेच तीव्र आम्ल असते. काळ्या रंगाच्या कोलापेयांचा सामू २.५ च्या आसपास असतो. अशा पेयानंतर किंवा लिंबाच्या सरबतानंतर लगेच ब्रश फिरविल्यास आम्लाने मऊ पडलेला दंतवल्काचा थर खरवडला जातो, म्हणून अर्धा तास थांबावे.

मुलांच्या बाबतीत आईबापांच्या नजरेतून एक गोष्ट नेहमी निसटते. साधारण सहाव्या वर्षी, सर्व दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक दाढ उगवते. जागा कोणाची घेतलेली नसल्यामुळे ती दुधाचीच असा समज होतो, आणि "पडायचीच आहे" म्हणून तिची कीडही चालवून घेतली जाते. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ. ती उभा जन्म पुरवायची असते. नव्याने उगवलेले दंतवल्क पुरते पक्व झालेले नसते, खाचा खोल असतात, आणि शाळेला सुट्टी असल्याने किल्ल्याच्या मातीत रमलेले पोर दिवसभर खिशात शंकरपाळे घेऊन हिंडत असते. सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड दिवे लागण्याच्या वेळी उजेडात एकदा उघडून पाहावे. ती दाढ आली असेल तर तिच्या खाचा लेप देऊन बुजवून घेण्याची सोय दंतवैद्यांकडे आहे, आणि त्याला ना इंजेक्शन लागते ना कोरकाम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पेस्ट वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दाखवतात ती विक्री वाढावी म्हणून.

वृद्धांचे प्रश्न याहून वेगळे. हिरड्या मागे सरकल्याने दातांची मुळे उघडी पडलेली असतात, आणि मुळांवर दंतवल्काचे कवच नसल्याने ती अधिक सौम्य आम्लातही विरघळतात. रक्तदाबाच्या व इतर कित्येक औषधांनी तोंड कोरडे पडते, म्हणजे लाळेचे साह्य नेमके त्याच वयात घटते. मधुमेह्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आवरणे कठीण होते. ज्यांना कवळी आहे त्यांनी तीळ-खसखशीचे पदार्थ खाल्ल्यावर ती काढून धुवावी, कारण खाली अडकलेला एक दाणा दोन दिवस जेवण बंद पाडावयास पुरेसा होतो. पाक बिघडून दगड झालेला लाडू हा तर घरोघरचा वार्षिक विनोद आहे, पण चांदी भरलेल्या जुन्या दाढेने तो फोडू पाहणे हा विनोद नव्हे. मोठ्या भरणामुळे अशा दाढेच्या भिंती पातळ उरलेल्या असतात व त्या उभ्या चिरतात. लाडू बत्त्याने फोडावा. करणारीचा मान राखूनही ते साधता येते.

अपघात सांगून येत नाहीत. फटाक्यांच्या धावपळीत पडून मुलाचा कायमचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो केरात टाकू नये. मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाला धरून उचलावा, माती लागली असल्यास क्षणभर पाण्याखाली धरावा, घासू नये. शक्य तर त्याच खाचेत परत बसवावा, नाहीतर पेलाभर थंड दुधात टाकून तासाच्या आत, आणि अर्ध्या तासात जमल्यास उत्तम, दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवीत नाहीत, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा पोहोचते.

ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाढ ठणकू लागली आणि दवाखान्याला कुलूप असले म्हणजे लवंगेच्या तेलाची आठवण होते. त्यातील यूजेनॉल नावाचे द्रव्य काही काळ वेदना बधिर करते हे खरे. कापसाचा बोळा त्यात भिजवून दाताच्या खड्ड्यापुरता ठेवावा, हिरडीवर तेल पसरू देऊ नये. वेदनाशामक गोळी गिळायची असते. ती कुटून दाढेशी दाबून धरल्यास हिरडी भाजते आणि ठणका जसाच्या तसा राहतो. गालाला शेक देऊ नये, सूज वाढण्याचा संभव असतो. थंड पाण्याची घडी ठेवावी आणि कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. ठणका थांबला म्हणजे दुखणे गेले असे मात्र समजू नये, कारण दाताच्या आतील मज्जा मेल्यावरही वेदना थांबते, आणि जंतू मुळाच्या टोकापर्यंत उतरतात ते त्यानंतरच. गाल वा जबडा सुजला, ताप चढला, तोंड पुरते उघडेना किंवा गिळणे कठीण झाले, तर सणाची रात्र न पाहता रुग्णालय गाठावे. आणि जो दात नवरात्रापासूनच थंड पाण्याने झिणझिणत आहे तो घरसफाईच्या यादीत माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या आधी लिहावा, कारण पाडवा-भाऊबीजेच्या सुट्टीत भांडी घासून देणारे कोणी तरी मिळेल, दाढ पाहणारा मिळेलच असे नाही.